बघितल्याशिवाय टिक नाही

नागोराव गेले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले नाही. श्रावण होता, पाऊस धो धो, मुरब्याहून गाडी मिळत नव्हती, असं मी सगळ्यांना सांगितलं. गाडी मिळत होती. मीच घरात बसून राहिले. का ते सांगते, पण त्याआधी माणूस कसा होता ते कळायला हवं.

मी तेजल. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाला लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला बसते, एकोणीस वर्षं. टँकर भरला की त्याच्याबरोबर जाणारा तपासणीचा दाखला माझ्या टेबलावरून निघतो. दाखला नाही तर टँकर गेटबाहेर नाही, मग ड्रायव्हर कितीही बोंबलू दे. तोंडाची मी फटकळच. आमच्या मुरब्याच्या बाया मासळी विकता विकता बोलायला शिकतात, आणि मला तर नोकरी अशी मिळाली की दिवसभर ड्रायव्हरांशी भांडायचं. कुणाला घाबरून गप्प बसले, असं माझ्या बाबतीत फारसं कुणी म्हणणार नाही. एकदाच झालं, आणि तेच सांगायला बसले आहे.

दाखला यायचा सर्व्हरमधून. आणि सर्व्हर म्हणजे नागोराव. कपाटाएवढ्या खोलीत ते काळं मशीन, एक एसी, एक स्टूल आणि स्टुलावर हा माणूस. नांदेडकडचे, मुखेड तालुक्यातले. बावीस वर्षांपूर्वी मोटार बांधणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली आले होते. मग कंपनीनं कॉम्प्युटर घेतले. ते बसवणारा इंजिनिअर सहा महिन्यांत दुबईला पळाला आणि त्याची जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागं राहिली. नागोराव दहावी पास. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ती पुस्तकं वाचून काढली. एका पानाला एक दिवस लागायचा, असं ते सांगत. पहिली दोन वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही, नंतर त्यांच्याशिवाय कुणाचं पान हलेना.

डबा आम्ही एकत्र खायचो. मी सुकट आणली की हे खुर्ची उचलून थेट खिडकीशी.

"ताई, हे तुमी मुद्दाम करलालाव."

"मग काय! तुमची ती शेंगदाण्याची चटणी मी रोज सहन करते ते?"

तिसऱ्या वर्षी एका पावसाळ्यात हळूच म्हणाले, "थोडी द्या की. मैनाबाईला चव दाखवतो." मैनाबाई म्हणजे त्यांची बायको. उमरोळीला स्टेशनाजवळच्या चाळीत दोघं राहत. दुसऱ्या दिवशी डब्यात सुकटीची भाजी, ज्वारीच्या भाकरीबरोबर! मी इतकी हसले की ठसका लागला. तेव्हापासून सुकट आमच्या घरून आणि भाकरी त्यांच्या घरून, असं ठरूनच गेलं.

कामाची त्यांची एक पद्धत होती. मशीन बिघडलं की दुसरे लोक पहिल्यांदा त्याच्यावर थापा मारतात. नागोराव हात लावायचे नाहीत. लांबोड्या लाल डायरीत तारीख टाकायची आणि कारणं लिहायला घ्यायची, एकाखाली एक, सगळ्यात साधं कारण पहिलं. मग एकेक जाऊन डोळ्यांनी बघायचं आणि बघून झालं की टिक. एकदा कारखान्याचे मॅनेजर निमेशभाई केबिनमधून ओरडत आले, प्रिंटर मेला, कंपनी बुडाली, काय अन् काय. नागोरावांनी शांतपणे लिहिलं, 'एक. बटन चालू आहे का?' निमेशभाई भडकले, "मला वेडा समजता का?" नागोराव केबिनमध्ये जाऊन टेबलाखाली वाकले. साहेबांच्याच बुटानं बटन बंद झालेलं. वर येऊन त्यांनी टिक केली. आम्ही बायका आठवडाभर त्यावर जगलो.

"साहेब खोटं नव्हते बोलत," नागोराव मला नंतर म्हणाले. "त्यांना तसंच वाटत होतं. म्हणून आपुन बघितल्याशिवाय टिक नाही करायची. दुसऱ्याच्या सांगण्यावर तर कधीच नाही."

मशीन सुरू होत नसेल तर ते 'उठत नाही' म्हणायचे. "आज जरा उशिरानं उठला," असं. घरात पोर असावं तसं.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि निमेशभाईंनी त्यांना आत बोलावलं. दिवाळीपासून कॉम्प्युटरचं सगळं काम वापीच्या मेहुलकडे, बाहेरच्या कंत्राटावर. नागोरावांनी तोवर एक काम उरकून द्यायचं. सर्व्हरमधली सिस्टीम फार जुनी झाली होती, ती काढून नवी चढवायची. मग मोकळं.

केबिनमधून बाहेर येऊन ते माझ्या टेबलासमोर बसले. मी निमेशभाईंच्या नावानं जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नागोराव नुसते पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"जाऊ द्या ताई. बावीस वर्षं खाल्लं या मशीनवर. नीट चढवून, उठवून देतो. माझ्यामागं कुणी म्हणू नये, नागोरावानं जाता जाता बिघडवून ठेवलं. येवढं एक नाव तरी घेऊन जाऊ द्या. दुसरीकडं काम मागायला तेच लागतं."

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी कारखाना बंद असताना त्यांनी नवी सिस्टीम चढवली. सोमवारी आम्हा सगळ्यांसमोर तीनदा मशीन बंद करून तीनदा उठवून दाखवलं. तीन वेळा उठलं. मी स्वतः पाहिलं, माझा दाखला आधीपेक्षा लवकर निघाला. डायरीत टिका झाल्या. अष्टमीला संध्याकाळी मशीन बंद केलं, कारण नवमीला आमच्याकडे सगळीच यंत्रं बंद असतात, आणि ते गावी निघाले. सहा वर्षं दसऱ्याला गेले नव्हते. आईला सोनं द्यायचं होतं.

"दसरा झाला की सकाळी बटन दाबा आणि तीन मिनिटं थांबा," मला सांगून गेले. "आपोआप उठतो."

आमच्या कारखान्यात खंडेनवमी जोरात असते. ऑफिसची पूजा माझ्याकडे. एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात देवीची तसबीर, समई, करंडे, लाल कापड. वर्षातून एकदा पेटी माळ्यावरून खाली येते. लाल कापडावर ज्याचं त्याचं हत्यार ठेवायचं. फिटरचा पाना, लॅबवाल्यांची काचेची नळी, स्टोअरच्या झिपरूची मोजपट्टी, माझा रबरी शिक्का. नागोरावांचा एक पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर असायचा दरवर्षी. त्या दिवशी कापड मांडलं आणि त्यांची जागा रिकामी. स्क्रूड्रायव्हर त्यांच्या पिशवीत, पिशवी गाडीत.

मला ते बघवेना. शेवटची नवमी त्यांची, आणि त्यांचंच काही नाही? मी सर्व्हरच्या खोलीत गेले. दारावर निमेशभाईंची नोटीस होती, खोलीत हळदकुंकू न्यायचं नाही. आदल्या वर्षी कुणीतरी कीबोर्डात कुंकू सांडलं होतं. बरं, आत न्यायचं नाही ना, मग आतलं बाहेर आणते! मशीनच्या मागं तळहाताएवढी एक काळी डबी वायरीनं लावलेली होती. त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी तिच्यावर, 'जुने नकाशे'. कारखान्याच्या जुन्या नकाशांचे फोटो तिच्यात ठेवलेले होते, वर्षानुवर्षं कुणी मागितले नव्हते. मशीन बंदच होतं. मी वायर काढली, डबी आणली, लाल कापडावर ठेवली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. म्हटलं, देवी, या माणसाचं नीट होऊ दे.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरब्याहून येणारी शेअर इको गाडी उशिरा आली. मी पोचले तोवर झिपरूनं ज्याची त्याची हत्यारं देऊन पूजा आवरली होती.

"ती काळी डबी कुठंय रे?"

"ती कोण न्यायला आला नाय ताई. पेटीत ठेवली. पेटी माळ्यावर गेली."

"चहानंतर शिडी लाव, मला पाहिजे."

चहापर्यंत पोचलोच नाही. सर्व्हर उठेना. बटन दाबलं, अक्षरं पळाली आणि मधेच थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा तिथंच. गेटवर टँकर उभे, हॉर्न सुरू. निमेशभाई, लॅबचे दोघे, सगळे त्या कपाटाएवढ्या खोलीच्या दारात. मी नागोरावांना फोन लावला आणि निमेशभाईंनी तो स्पीकरवर टाकायला लावला.

डबीचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला. पण पूर्वी एकदा झाडताना झिपरूच्या हातून तीच वायर निघाली होती आणि डबी दिवसभर सुटी पडून राहिली होती. काही झालं नव्हतं, मशीन आपलं चालू. नकाशांच्या डबीसाठी एवढं मशीन कशाला अडेल?

"ताई, पडद्यावर काय लिवलंय ते जसंच्या तसं वाचा," नागोराव म्हणाले. मागं कोंबडी ओरडत होती, त्यांच्या आईचा आवाज येत होता.

मी वाचलं. स्टार्ट जॉब इज रनिंग, पुढं डिस्क, पुढं नुसते आकडे आणि अक्षरं. बाजूला सेकंद मोजले जात होते. दीड मिनिट झालं की पडदा काळा व्हायचा आणि पासवर्ड मागायचा.

"हां. कुठल्या तरी डिस्कची वाट बघलालाय तो," नागोराव म्हणाले. "मागची छोटी डिस्क जागेवर हाय का? बघून सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. निमेशभाई तर अर्ध्या हातावर. दारावर त्यांची नोटीस. मी बोलले असते की साहेब, ती मी काढली, पूजेला नेली, आता माळ्यावर आहे कुंकू लागलेली. काय झालं असतं? ओरडले असते. फार तर मेमो दिला असता. माझ्यासारखी बाई, जी ड्रायव्हरांच्या अंगावर जाते, ती एका मेमोला घाबरली. मी मशीनमागं वाकले. वायर नुसती लोंबत होती.

"हो," मी म्हटलं. "आहे जागेवर."

मनात होतं, हे सगळे हटले की शिडी लावीन, डबी आणीन, गुपचूप जोडीन. कुणाला कळायचं नाही.

"मग तिची वायर एकदा काढून परत..." नागोराव बोलत होते, तेवढ्यात निमेशभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "ते सोडा. पासवर्ड सांगा. मेहुल लाइनवर आहे, तो करेल."

"साहेब, स्पीकरवर इतके लोक हायत. मोठा पासवर्ड फोनवर सांगायचा नाही, हे तुमीच लिवून घेतलंय माझ्याकडून. मी निघालो बघा. उद्या सकाळी पोचतो. तवर हात लावू नका, मशीन चांगलं हाय."

ते खरंच होतं. चार वर्षांपूर्वी पासवर्ड बाहेर फुटला होता, तेव्हा निमेशभाईंनीच तसा कागद करून नागोरावांची सही घेतली होती. पण साहेबांना आपला कागद कुठला आठवायला! फोन बंद झाल्यावर म्हणाले, "बघितलंत? कंत्राट गेलं म्हणून अडवून धरतोय. करून ठेवलं आणि गावाला जाऊन बसला."

त्यांनी तिथंच खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मेहुल दुपारी वापीहून आला. पासवर्ड नाही म्हटल्यावर त्यानं फार डोकं लावलं नाही, सगळं पुसून नव्यानं टाकलं. महिनाअखेरीची प्रत होती तिच्यावरून जुनं भरलं. मधल्या दिवसांचं लॅबचं काम गेलं ते गेलंच. टँकर दोन दिवस उभे राहिले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कारखान्याला माहीत झालं होतं, नागोरावांनी जाता जाता सर्व्हर बंद पाडला.

मी शिडी लावली नाही. आता काय उपयोग, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडीतून उतरले तर नागोराव गेटबाहेर उभे. दोन गाड्या बदलून, उभ्यानं आले होते. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला, हातात पिशवी. वॉचमन आत सोडत नव्हता, वरून तसा हुकूम होता.

"मला एक तास द्या म्हणावं साहेबाला. फक्त पडद्यासमोर बसवा. एक तास. काय झालं ते शोधतो आणि जातो."

"पुसलं ते," मी म्हटलं. "काल मेहुलनं सगळं पुसलं."

ते माझ्याकडं बघत राहिले. घरातलं माणूस गेल्याचं सांगावं आणि समोरच्यानं नुसतं बघत राहावं, तसं. मग पिशवीत हात घालून आपट्याची दोन पानं काढली. वाळलेली, गावाकडची. "सोनं घ्या ताई," म्हणाले. मी पानं घेतली आणि वाकून नमस्कार केला, मोठे होते ना माझ्यापेक्षा.

"ताई, ती डिस्क जागेवरच होती ना?"

तिथं ना निमेशभाई होते, ना नोटीस. वॉचमनसुद्धा लांब होता. गेटच्या बाहेर आम्ही दोघंच, आणि माझ्या मुठीत त्यांचं सोनं.

"हो," मी म्हटलं.

"मग माझंच कुठं तरी चुकलं असंल," नागोराव म्हणाले आणि स्टेशनकडं चालायला लागले.

त्यानंतर बोईसर-तारापुरात त्यांना काम मिळालं नाही. इथं शेकडो कारखाने, पण मॅनेजर लोक एकमेकांना ओळखतात, एक फोन पुरतो. तीन ठिकाणी बोलावून तिन्ही ठिकाणी नंतर कळवतो म्हणाले. मग उमरोळी स्टेशनाबाहेर झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला बसले. एकदा बोईसरच्या बाजारात समोरासमोर आलो. मला वाटलं आता विचारतील. ते म्हणाले, "टँकर वेळेवर जातात ना?" मी हो म्हटलं. तेवढं एक हो खरं होतं. श्रावणात दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदय, म्हणाले. पन्नाशीसुद्धा नव्हती हो.

यंदा पुन्हा खंडेनवमी आली. झिपरूनं पेटी खाली आणली. मी झाकण उघडलं. लाल कापडाच्या घडीवर ती डबी बसली होती, 'जुने नकाशे', कुंकू वाळून काळपट झालेलं, झेंडूच्या पाकळ्यांचा चुरा. ती तिथं आहे हे मला वर्षभर ठाऊक होतं.

मेहुल त्याचं काहीतरी हत्यार ठेवायला आला होता. डबी उचलून म्हणाला, "ही कुठली?"

मी सांगितलं. मागं लावलेली असायची, गेल्या नवमीला मी काढली.

"अरे!" तो हसला. खरंच हसला, कोडं सुटल्यासारखं. "म्हणजे हीच होती! जुनी सिस्टीम असली डिस्क नसली तरी पुढं जायची. नवी तशी नाही. यादीत नाव आहे आणि डिस्क नाही, तर तिथंच थांबते. त्यांनीही एक शब्द लिहायला हवा होता, की नसली तरी चालेल. पण ही जोडली असती तर दोन मिनिटांचं काम होतं, ताई. पुसायची गरजच नव्हती."

दोन मिनिटांचं काम.

मी डबी घेऊन निमेशभाईंच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं, बसायला न सांगता बसून. ते आधी दार लावून या म्हणाले. मग म्हणाले, "हेड ऑफिसला रिपोर्ट गेलाय, कर्मचाऱ्याची चूक म्हणून. आता एक वर्षानं तो बदलून काय मिळणार?"

"त्यांचं नाव मिळेल. एक पत्र द्या, की त्यांनी काही बिघडवलं नव्हतं."

"कुणाच्या नावानं देऊ? माणूसच नाही."

मला मेमोसुद्धा दिला नाही त्यांनी. ज्या मेमोला भिऊन मी हे सगळं केलं, तो मिळालाच नाही. बाहेर आरतीला सगळे जमले होते. मी आरतीच्या आधी उभं राहून सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, लॅबवाल्यांना, फिटरना, सगळ्यांना. नागोरावांचं काही चुकलं नव्हतं, मी खोटं बोलले होते. झिपरू एकटाच म्हणाला, "ती डबी मीच पेटीत ठेवलेली ना ताई." आणि रडायला लागला. त्याला कशाला बिचाऱ्याला!

दुपारी मी उमरोळीला गेले. मैनाबाई दारातच भाजी निवडत होत्या. मला ओळखलं. "सुकटवाल्या ताई ना तुमी?" म्हणाल्या आणि पाणी आणायला उठल्या. नागोराव गेले तेव्हा का आला नाहीत, हे त्यांनी विचारलं नाही.

मी डबी पुढं ठेवली आणि सांगितलं. त्यांना कॉम्प्युटरातलं कळत नाही, म्हणून दोनदा सांगावं लागलं. त्या ऐकत राहिल्या, मग आत जाऊन लाल डायरी घेऊन आल्या.

"याच्यातच लिवत बसायचे रोज, दुकानातून आल्यावर," म्हणाल्या. "म्या म्हणायची, सुटली ना ती कंपनी, सोडा की. ते म्हणायचे, काय चुकलं येवढं कळू दे, मग सोडतो."

त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. 'सर्व्हर उठला नाही.' खाली कारणं. एक, दोन, तीन, पानं उलटत गेली तरी संपेनात, शाई बदलत गेलेली, महिने बदलत गेलेले. सगळ्यांपुढं प्रश्नचिन्ह, कारण बघायला कुणी दिलंच नव्हतं. चौदा नंबरला लिहिलं होतं, 'नव्या सिस्टीमला यादीतली डिस्क मिळाली नाही तर ती थांबते. पुस्तकात सापडलं. तंतोतंत असंच दिसतं.' आणि त्याखाली, 'पण डिस्क होती. म्हणून हे कारण नाही.' त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली होती. पुढं पंधरा, सोळा, सदतीसपर्यंत.

सापडलं होतं त्यांना.

मी पहिलं पान पुन्हा उघडलं. बावीस वर्षांच्या डायऱ्यांत न बघता केलेली एकच टिक असेल, ती तिथं होती. 'एक. मागची छोटी डिस्क. जागेवर आहे.' आणि कंसात, 'तेजलताईंनी बघितलं.'

मला तिथं हुंदका आवरला नाही. मैनाबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हंजी त्यांचं चुकलं नव्हतं?"

"नाही हो. माझं चुकलं."

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षरं त्यांना लावून लावून वाचता येत होती. मग डायरीच्या कण्यात अडकवलेलं नागोरावांचं पेन काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"मग तसं लिवा की तिथं. त्यांना खोटी टिक चालायची नाही."

मी टिक खोडली. 'जागेवर आहे' खोडलं आणि पुढं लिहिलं, 'नव्हती'. कंसातलं खोडायची गरज नव्हती. मी खरंच बघितलं होतं.